माझी राखणीची पाळी

वनिता,

तुझा भाऊ तानाजी ओटीवर माझ्यासमोर बसला आहे. दुपार कलते आहे. मी जेवलो आहे, तो जेवलेला नाही. तो का जेवला नाही हे तुला सांगायला नको. पण हा कागद मी आपल्या लेकीला, स्नेहाला वाचायला देणार आहे, आणि तिच्यानंतर ज्यांना ज्यांना मी खोटं सांगितलं त्या सगळ्यांना. म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो. मध्येच ‘पुरे आता’ म्हणायला तू नाहीस.

तुझ्या माहेरी, कापड्याच्या वरच्या या वाडीत, अळंबी शिजली की घरातल्या एकाने ती खायची नाही. त्याने राखणीला बसायचं. खाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. कुणाला मळमळलं, कुणी पोट धरलं, तर धावपळ करायला एक माणूस धड हवा. त्याचा वाटा झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सगळे नीट राहिले, की तो वाटा पुन्हा उकळून त्याला द्यायचा. पुढच्या खेपेला पाळी दुसऱ्याची. मी पोलादपूरचा, खोऱ्यातला. आमच्याकडे अळंबी बाजारात पळसाच्या पानात बांधून यायची आणि सगळे एकदम तुटून पडायचे. ही राखण मला लग्नानंतर कळली. मी हसलो होतो.

“म्हणजे नवऱ्यावर प्रयोग, आणि बायको पहाऱ्यावर?”

“पयली खायची पाळी माझी,” तू म्हणालीस. “नवरी मेली तर तुमाला दुसरी मिळंल. जावई मेला तर आयला तोंड दाखवायला जागा नाय.”

तुझी आई चुलीपुढून ओरडली, “वने, सणासुदीचं काय बोलतीस गो!” आणि तू पदरात तोंड लपवून हसत राहिलीस. मी त्या दिवशी राखणीला बसलो. तू जेवत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होतो. नवीन लग्न झालेल्या माणसाला याहून सोपं काम नाही. तेव्हा मला ते जमत होतं.

गौरी गेल्या की आपण वर यायचो. तेरडा फुललेला, भात निसवायला आलेलं, ऊन आणि पाऊस आलटूनपालटून. मी बिरवाडीच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारा माणूस. मला प्रत्येक वस्तूला नाव हवं, जागा हवी. तू मात्र आधी काठीने देठाभोवतीची माती मोकळी करायचीस. “मूळ आधी, छत्री मागनं,” म्हणायचीस. वारुळावरची आपली अळंबी मुळाने खाली वारुळात उतरलेली असते, ओढली तर हातभर येते. छत्रीच्या मधोमध टोकदार बोंड. देठाला कडं नाही, बुडाशी वाटी नाही. कडं आणि वाटी दिसली की हात मागे. मी हे सगळं शिकलो आणि शिवाय मोबाइलमध्ये ओळख सांगणारं ते अ‍ॅप घातलं. एका अळंबीचा फोटो काढला की ते तीन नावं दाखवायचं, त्यातलं एक विषारी.

“त्याला इचारा, मीठ किती घालू,” तू म्हणायचीस.

पण सगळाच मान तुला देणार नाही. एकदा गायरानात पांढऱ्या, ताटाएवढ्या छत्र्यांचा पुंजका उगवला होता आणि तू ओटीत घ्यायला वाकली होतीस. मी एक उलटी केली. खालच्या चुण्यांना हिरवट झाक होती. मी म्हणालो, नको. तू जवळ घेऊन बघितलंस, वास घेतलास आणि रानातच कान पकडलेस. “आज तुमी नसताव तर आडवी झाली असती.” ते वाक्य मी किती वर्षं वापरलं! तुझ्याशी कुठल्याही गोष्टीवरून वाद झाला की मी ते काढायचो. शेजारची सखूकाकी शिजत्या पातेल्यात चांदीचं जोडवं टाकून बघायची, काळं पडलं तर विष म्हणायची. तू तिला हसायचीस, “जोडव्याला काय कळतंय काकी?” तेव्हाही मी मध्येच म्हणायचो, “आणि हिला तरी काय कळतंय? गायरानातलं विचारा हिला.”

ते तेव्हा गमतीत होतं. या वर्षी ते गमतीत राहिलं नाही.

या वर्षी चढणीवर हिरड्यापाशी तू थांबलीस. खोडाला हात टेकून उभी राहिलीस.

“काय गो, वाडीची पोर आणि दम लागला?”

“वय झालं अवो. तुमाला काय, पंख्याखाली बसून काम.”

तू डावा खांदा चोळत होतीस. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही. गेले काही दिवस घरातही तू तिथे बाम लावत होतीस, आणि मी त्याच्या वासावरून कुरकुर केली होती. पण त्या वेळी माझी नजर जमिनीवर होती. पाचोळ्यात काही पांढरं दिसतंय का, ते मी शोधत होतो.

तुझ्या वारुळावर अळंबी आली होती, पण नेहमीच्या रंगाची नव्हती. मातकट, तपकिरी, कडेला भाजल्यासारखी.

“ही आपली नाहीत,” मी म्हणालो.

“आपलीच हायत. पावसानं उघडीप दिली होती. ऊन लागलं की रंग बदलतो.”

“रंग बदलतो म्हणे. गायरानात पण असंच म्हणाली होतीस.”

तुझं तोंड उतरलं. तू मूळ मोकळं करत राहिलीस. मग एक अख्खी काढून माझ्यापुढे धरलीस. लांब मूळ, बोंड, कडं नाही, वाटी नाही. मला तेव्हाच कळलं होतं की तू बरोबर असशील. पण मी म्हणालो, “मग तूच खा. माझी राखणीची पाळी आहेच. बरंच झालं.”

बरंच झालं. हे माझे शब्द.

वाडीवर न थांबता आपण ती बिरवाडीला आणली. कांदा, मिरची, ओलं खोबरं. तू तांदळाच्या भाकरीबरोबर जेवलीस, मी वरणभात. “वास तरी घ्या,” म्हणालीस, “वासाला पाळी लागत नाय.” मी घेतला नाही. मी रुसलो होतो. पन्नाशीला आलेला माणूस अळंबीच्या रंगावरून रुसून वरणभात खात होता. तू माझा वाटा पातेल्यात झाकून ठेवलास.

भांडी घासायला उठलीस आणि मोरीच्या कडेवर बसलीस. कपाळाला घाम. मळमळतंय म्हणालीस. आणि वनिता, त्या क्षणी मला आधी काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, बघ. मी सांगितलं होतं. ते मी मोठ्याने बोललोसुद्धा.

“सांगितलं होतं ना? ऐकायचं नाही म्हणजे नाही.”

“अळंबी नाय अवो ती,” तू म्हणालीस. हात छातीवर ठेवला होतास. “हितं जड वाटतंय. कुणी दगड ठेवल्यावानी.”

मी मिठाचं पाणी केलं. तू नको म्हणत होतीस, मी ते तुला पाजलं, पाठ चोळली, उलटी काढायला लावली. पुन्हा पाजलं. तू मला समजावत होतीस, आणि मी तुला राखणीचे नियम समजावत होतो. मग रिक्षा बोलावली. डॉक्टरांना दाखवायला नमुना हवा म्हणून ते पातेलं घेतलं. रिक्षात तू माझ्या खांद्यावर कलंडली होतीस आणि माझे दोन्ही हात त्या पातेल्यावर होते. खड्ड्यात सांडू नये म्हणून मी ते घट्ट धरलं होतं. तुझा हात मला शोधत होता. मांडीवर, मग पातेल्याच्या झाकणावर. मला वाटलं, तुला ते बाजूला सारायचं आहे. मी म्हणालो, “राहू दे, लागेल ते.”

महाडला दवाखान्यात त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, अळंबी खाल्ली. झाकण काढून दाखवलं. त्यांनी विषबाधेचे उपाय सुरू केले. मी नवरा, मी समोर बसून बघितलेलं, मी ठामपणे सांगणारा. तरी एकदा त्या डॉक्टरने विचारलं होतं, “यांना आधी छातीत वगैरे दुखलं होतं का?” मी म्हणालो, “नाही.” हिरडा आठवला नाही, बाम आठवला नाही. खांदा चोळणारा तुझा हात, जो मी त्याच सकाळी पाहिला होता, तोही आठवला नाही. मी राखणीला होतो आणि पहारा देत होतो त्या अळंबीवर.

हृदयाचा आलेख काढला तेव्हा फार उशीर झाला होता. संध्याकाळ होण्याआधी तू गेलीस. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. विष नव्हतं, म्हणाला. हृदयविकाराचा झटका होता. “आधीच तशा संशयाने आणलं असतं, तर…” एवढं बोलून तो थांबला. ते वाक्य तो पुढे काय म्हणणार होता, ते मी रोज वेगवेगळ्या तऱ्हेने पुरं करतो. एकदाही ते माझ्या बाजूने पुरं होत नाही.

मग तानाजी धावत आला. पायात चप्पल नव्हती. त्याने माझे दोन्ही दंड धरून विचारलं, “काय झालं? भावोजी, काय झालं माझ्या बहिणीला?”

मला तेव्हा माहीत होतं. डॉक्टर नुकताच सांगून गेला होता. आणि मी म्हणालो, “अळंबी बाधली.”

बास. एवढंच. मग ते मलाही थांबवता आलं नाही. खरं म्हणजे मी थांबवायला गेलोच नाही. स्नेहाला तेच सांगितलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. अळंबीने गेली म्हटलं की लोक तुझ्याबद्दल चुकचुकायचे आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचे. “बिचारा राखणीला होता, वाचला.” पारख चुकली ती तुझी, माझं काहीच चुकलं नाही. तू मेल्यावरही आपल्या वादात मी जिंकलो होतो.

वाडीतल्या बायकांनी अळंबी काढायची सोडली. काढलेली होती ती उकिरड्यावर फेकली. तुझं नाव घेऊन पोरींना सांगायला लागल्या, बघा गो, वनी एवढी शहाणी, ती पण फसली. ज्या वाडीत तुला दाखवल्याशिवाय कुणी पातेलं चुलीवर चढवत नव्हतं, त्या वाडीत. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी रोज कामावर जात होतो, डबा खात होतो आणि गप्प होतो. तुझ्या तेराव्याला लोक जेवून गेले आणि तेव्हाही मी गप्प होतो. मी इतका वाईट माणूस आहे हे तुला ठाऊक होतं का? इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तुला कधी तरी शंका आली असेल. आली असली तर तू मला का बोलली नाहीस?

काल संध्याकाळी आईंचा फोन आला.

“जावयबापू, तान्या ऐकत नाय. उद्या सकाळी पहार घेऊन जातो म्हनतो डोंगरात. वनीचं वारूळ उकरून टाकनार. नागाची जागा ती, हात लावू नये. मी पाया पडले त्याच्या. तुमी या.”

वारुळाला पहार लावणारा माणूस मी आपल्या मुलखात पाहिला नाही. नागपंचमीला इथे कुणी नांगरसुद्धा धरत नाही. आणि वारूळ मोडलं की तिथली अळंबी कायमची गेली, हे तर तू मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस. तुझ्या आईची जागा, तिच्या आधी तिच्या सासूची, मग तुझी. मी खोटं बोललो म्हणून तीही जाणार होती.

सकाळची पहिली एसटी धरून कापड्याला उतरलो. हस्ताचा पाऊस पडून गेला होता, वाट निसरडी होती. हिरड्यापाशी मी थांबलो. तू हात टेकला होतास तिथेच मीही टेकला. मला दम लागला नव्हता. चांगला धडधाकट माणूस मी. वरून पहारीचा आवाज येत होता.

तानाजीने एक बाजू फोडली होती. आतली माती लाल, ओली. आणि आत, वनिता, तू कधी पाहिलं होतंस का ते? मधाच्या पोळ्यासारखी भुरी ढेपळं, आणि त्यांच्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे. वाळव्या सैरावैरा पळत होत्या. न फुटलेल्या बाजूला अळंबी उभी होती. मातकट, तपकिरी, कडेला भाजलेली.

“बाजूला व्हा भावोजी, लागंल.”

“तानाजी, ती अळंबीनं नाही गेली.”

त्याने पहार उचलली होती ती तशीच राहिली.

“मग?”

“हार्ट. डॉक्टरनं सांगितलं होतं.”

“कवा सांगितलं?”

“त्याच दिवशी. तू यायच्या आधी.”

“म्हंजी मी इचारलं तवा तुमाला म्हाईत होतं?”

“हो.”

मग मी सगळं सांगितलं. खांदा, बाम, मिठाचं पाणी, पातेलं. तो पहार माझ्या अंगावर घालेल असं मला वाटलं. खरं सांगतो, घालावी असंच वाटत होतं. त्याने ती खाली टाकली आणि चिखलात बसला.

“आमची आय रोज रडते,” तो म्हणाला. “म्हनते, पोरीला वळख मीच शिकवली. मीच चुकीचं शिकवलं आसंल. रोज, भावोजी. भाकरी थापता थापता.”

हे मला माहीत नव्हतं. बाकी सगळं मी विचार करून ठेवलं होतं, वनिता, माफी कशी मागायची, कुठे उभं राहायचं. मी फुटलेल्या बाजूला माती लोटू लागलो. हातांनीच. थोड्या वेळाने तानाजीही लोटू लागला. आम्ही एकमेकांकडे न बघता ते भगदाड बुजवलं. पुन्हा अळंबी येईल की नाही, देव जाणे. जी उभी होती ती मी काठीने मूळ मोकळं करून काढली. तू करायचीस तशी. दोन माझ्याकडून मोडली.

आईंना अंगणातच सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. मी बोलत होतो तोवर त्या माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या अळंबीकडे बघत होत्या. माझं सांगून संपलं. त्यांनी एक उचलली, उलटी केली, देठावरून बोट फिरवलं.

“मूळ पुरं आलंय?”

“हो.”

“मग बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “उन्हानं रंग बदललाय. माझी पोर बरोबर होती.”

मग त्या रडल्या. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी मला माफ केलं असं नाही. डोळे पुसून उठल्या आणि चूल पेटवली. “शेजारनीला बोलाव रं तान्या. सगळ्यांनाच बोलाव. बघू दे.” सखूकाकी आली, दोघीतिघी आल्या. पातेल्यात जोडवं टाकायचं कुणी नाव काढलं नाही. पान वाढताना आईंनी विचारलं, “राखनीला कोन?”

“मी,” तानाजी म्हणाला.

पहिला घास आईंनी घेतला, सगळ्यांदेखत. दुसरा मी. खोबरं जास्त झालं होतं. तुझ्या हाताची चव नव्हती, पण वास तोच होता, जो त्या दिवशी मी घेतला नाही. मी पाणी पिऊन तो घास गिळला आणि पुढचा घेतला. पान स्वच्छ केलं. तू बरोबर होतीस हे म्हणायला मला याहून वेगळी भाषा येत नव्हती. हे त्या दिवशी हिरड्याच्या वर, वारुळापाशी म्हणायला हवं होतं. ‘तू म्हणतेस तर आपलीच असतील,’ एवढं. मग कदाचित घरी मी रुसलो नसतो. मग कदाचित तू मोरीच्या कडेवर बसलीस तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघितलं असतं, तो कुठे ठेवला आहेस ते. कदाचित. मला आता आयुष्यभर या शब्दाबरोबर राहायचं आहे आणि ते कसं करायचं मला कळत नाही. कुणाला विचारू? घरात विचारायला तूच होतीस.

स्नेहाला उद्या जाऊन समोर बसून सांगणार. ती बोलायची बंद होईल. होऊ दे.

आई आत पडल्या आहेत. तानाजीचा वाटा फडताळात झाकून ठेवला आहे. उद्या दिवेलागणीला तो खाईल, की नाही खाणार, मला माहीत नाही. सकाळपासून तो माझ्याशी बोललेला नाही. चिखलातल्या त्या बोलण्यानंतर एक शब्द नाही. मी लिहितोय, तो खांबाला टेकून बसला आहे आणि नजर माझ्यावरून काढत नाही. तुला वाटेल रागाने बघतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

आत्ता लिहिता लिहिता मी डाव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. उकडतंय, दुसरं काही नाही. तो उठला, जवळ आला, वाकून माझा चेहरा बघितला. पोटाचं त्याने विचारलंच नाही.

“भावोजी,” म्हणाला, “छातीत काय नाय ना?”